स्टिअरिंग थरथरतंय? मग अलाइनमेंट कशाला?

"अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाकू ना?" टायरवाला एका दमात विचारतो आणि आपण मान डोलावतो. ही दोन वेगळी कामं आहेत, वेगळ्या मशीनवर होतात आणि एकाचा दोष दुसऱ्याने जात नाही.

अलाइनमेंट बहुतेकांना माहीत असते. गाडी एका बाजूला ओढते, सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं राहतं, टायरची एकच कड झिजते, तेव्हा चाकांचे कोन तपासून जुळवायचे. बॅलन्सिंगमध्ये चाक उतरवून मशीनवर फिरवतात आणि जिथे हलकं पडतं तिथे रिमला वजन लावतात.

गोंधळ होतो तो थरथरीवरून. 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागलं की लोक अलाइनमेंट करून येतात आणि थरथर तशीच राहते. राहणारच. 14 इंची रिमच्या कडेला 20 ग्रॅमचा फरक असेल, तर ताशी 100 किमीला ते चाक सेकंदाला साधारण 15 वेळा फिरतं आणि तेवढाच फरक सुमारे 3 किलोच्या जोराने चाकाला हिसके देतो. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून 50 ला तो पाव होतो आणि जाणवतही नाही. कोन बिघडला असेल तर तो 30 च्या वेगालाही तेवढाच बिघडलेला असतो. चाक किंचित आडवं घासत जातं, टायर खातं, पण हिसके देत नाही. थोडक्यात, ठरावीक वेगाला थरथर आली तर बॅलन्सिंग; ओढ किंवा तिरकी झीज असेल तर अलाइनमेंट. थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवली तर आधी पुढची चाकं बघा, सीटखाली जाणवली तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर दोन्ही कामं सोडा आणि ब्रेक डिस्क तपासा. कमी वेगालाही चाक डुगडुगत असेल तर रिम वाकली असेल किंवा टायरला फुगा आला असेल. तिथे वजनं चिकटवून उपयोग नाही.

पावसाळ्यात तर पैसे देण्याआधी रिमची आतली बाजू धुवा. तिथे वाळलेला चिखल शंभर ग्रॅमही भरू शकतो. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

बॅलन्सिंग नवा टायर बसवल्यावर, टायर रिमवरून उतरवून पंक्चर काढल्यावर किंवा वजन गळून पडल्यावर करावं. बाहेरून पट्टी घालून काढलेल्या ट्यूबलेस पंक्चरनंतर थरथर नसेल तर गरज नाही. करताना जुनी वजनं आधी काढायला लावा, आणि नवी लावल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य दिसलं पाहिजे. हे दुसरं फिरवणं बरेच जण गाळतात.

गाडी ओढते म्हणूनही लगेच अलाइनमेंटला धावू नका. आधी चारही टायरची हवा थंड असताना तपासा. पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते डाव्या कडेकडे उतरते असतात, त्यामुळे हलकी डावी ओढ हा दोष नव्हे. शंका असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला (बाणाचे, एकाच दिशेने फिरणारे टायर असतील तर नको). ओढीची बाजू बदलली तर दोष टायरचा आहे. टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट (चाकाला स्टिअरिंग आणि सस्पेन्शनशी जोडणारे सांधे) ढिला असताना केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतही टिकत नाही. एरवी जोरात खड्डा बसल्यावर, सस्पेन्शनचं काम झाल्यावर, नाहीतर दहा हजार किमीला एकदा तपासणी पुरे.

आता "कॅम्बरही आउट आहे, वेगळे पैसे पडतील" हे वाक्य. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक आत किंवा बाहेर किती कललंय तो कोन; टो म्हणजे वरून बघताना चाकाचं तोंड आत किंवा बाहेर किती वळलंय तो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना कंपनीने फक्त पुढच्या चाकांचा टो जुळवायची सोय दिलेली असते. कॅम्बर बिघडलाच असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, आणि तो भाग बदलायचा असतो. जॅक लावून स्ट्रट (चाकावरचा शॉक-अॅब्सॉर्बरचा खांब) वाकवून मशीनच्या स्क्रीनवरचा आकडा हिरवा, म्हणजे मर्यादेत, करणाऱ्याकडे गाडी पुन्हा नेऊ नका. मागचा अॅक्सल एकसंध असलेल्या गाडीत मागचे आकडेही सहसा तिथल्या तिथे जुळवता येत नाहीत, त्यामुळे ते थोडे लाल राहिले म्हणून मेकॅनिकशी भांडू नका. मशीनच्या आकड्यांची आधीची आणि नंतरची अशा दोन्ही प्रिंट मात्र मागून घ्या.