ग्रेटेस्ट हिट्स अल्बम (रॉक संगीत)

ग्रेटेस्ट हिट्स अल्बम : एखाद्या गायकाची किंवा बॅण्डची आधीच प्रसिद्ध झालेली, गाजलेली गाणी निरनिराळ्या अल्बममधून उचलून एकत्र केलेले संकलन. या प्रकाराची सुरुवात सहसा अमेरिकन गायक जॉनी मॅथिस याच्या १९५८ सालच्या ‘जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स’पासून धरली जाते. सुट्या गाण्यांवर नाव कमावणाऱ्या गायकांच्या बाबतीत अशा संकलनाला कोणी हरकत घेतली नाही. रॉकमध्ये मात्र ‘हा अल्बम घेण्यासारखा आहे का?’ या प्रश्नावर चाहते पिढ्यानपिढ्या भांडत आले आहेत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक बॅण्ड एलपीकडे, म्हणजे दोन बाजूंच्या मोठ्या तबकडीकडे, सलग ऐकायची एकसंध कृती म्हणून पाहू लागले. कोणत्या गाण्यानंतर कोणते, बाजू उलटण्याआधी शेवटचा सूर कोणता, हेही रचनेचा भाग झाले. गाणे जागेवरून उचलले की ही रचना मोडते, हा जुन्या चाहत्यांचा मुख्य आक्षेप.

वादाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे क्वीन या ब्रिटिश बॅण्डचा १९८१ सालचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’. ब्रिटनमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम हाच. २०१४ मध्ये त्याने तिथे ६० लाखांचा टप्पा ओलांडला आणि २०२२ मध्ये, स्ट्रीमिंग धरून, ७० लाखांचा. बॅण्डचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा. त्याचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बॅण्डही तिथलाच. त्यामुळे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना या बॅण्डबद्दल थोडी घरची आपुलकी आहे.

ब्रिटिश आवृत्तीत १७ गाणी आहेत. सुरुवातच ‘बोहेमियन रॅप्सडी’ने होते, आणि आक्षेपही इथूनच सुरू होतो. ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ (१९७५) या मूळ अल्बममध्ये हे गाणे शेवटून दुसरे आहे. त्याआधी श्रोता आठ मिनिटांहून लांब ‘द प्रॉफेट्स साँग’मधून गेलेला असतो, ते ‘लव्ह ऑफ माय लाइफ’मध्ये विरघळताना त्याने ऐकलेले असते. सारा अल्बम ज्या शिखराकडे चढत जातो, ते संकलनात पहिल्याच पावलाला लागते. वर उल्लेखलेली दोन्ही गाणी तर संकलनात नाहीतच. १९७३ च्या पहिल्या अल्बममधले एकही गाणे नाही, आणि ‘क्वीन टू’मधून (१९७४) एकच, ‘सेव्हन सीज ऑफ राय’. सुरुवातीच्या वर्षांतला जड, गुंतागुंतीचा, अद्भुतकथांत रमणारा क्वीन इथे जवळजवळ पुसला गेला आहे.

त्याहून गंभीर गोष्ट गीतकारांच्या वाटणीची आहे. क्वीनचे चौघेही सदस्य गाणी लिहीत. हेच या बॅण्डचे वेगळेपण. संकलनातल्या १७ गाण्यांपैकी १० मर्क्युरीची, ५ गिटारवादक ब्रायन मे याची, २ बेसवादक जॉन डीकन याची आहेत. ड्रमर रॉजर टेलर याचे एकही नाही. त्याचे ‘आय’म इन लव्ह विथ माय कार’ हे ‘बोहेमियन रॅप्सडी’च्या सिंगलच्या (दर्शनी बाजूला मुख्य गाणे असलेल्या छोट्या तबकडीच्या) मागच्या बाजूला होते, म्हणजे त्या सिंगलबरोबर घरोघर पोहोचले होते, तरी संकलनात त्याला जागा नाही, कारण निवड झाली ती बहुतांशी सिंगलच्या दर्शनी बाजूची. टेलरचे ‘रेडिओ गा गा’ १९८४ मध्ये गाजले आणि पुढे ‘ग्रेटेस्ट हिट्स टू’मध्ये आले. हा दुसरा भाग ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाला. २४ नोव्हेंबरला मर्क्युरी गेला.

इतके असूनही, प्रस्तुत नोंदलेखकाच्या मते, हे संकलन घेण्यासारखे आहे, आणि ‘नवख्यांची सोय’ म्हणून त्याची बोळवण करणे अन्यायाचे आहे. क्वीन हा अल्बमइतकाच सिंगलचा बॅण्ड होता. ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ आणि ‘बायसिकल रेस’ ही एकाच सिंगलच्या दोन बाजूंची गाणी, एकमेकांचा उल्लेख करणारी. ‘जॅझ’ (१९७८) या अल्बममध्ये त्यांच्या मध्ये तिसरेच गाणे आले. संकलनाने ती पुन्हा शेजारी बसवली. शेवटी येतात ‘वी विल रॉक यू’ आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’. १९७७ च्या मूळ अल्बममध्ये ही जोडी आरंभाला आहे, पण मैफलीत क्वीन तिनेच समारोप करी. म्हणजे इथला क्रम एलपीचा मोडला असला, तरी मंचावरचा पाळला आहे. सलग ऐकले की हे जाणवते. सुटे ऐकून जाणवत नाही.

ज्या बॅण्डची गाणी एकमेकांत मिसळलेली असतात, त्यांचे संकलन करणे खरोखर कठीण. पिंक फ्लॉइडने ‘एकोज’ (२००१) या दोन सीडींच्या संकलनात गाण्यांचे सांधे नव्याने जुळवले, एक गाणे दुसऱ्यात उतरत जाईल असे, आणि कालक्रम सोडून दिला. मूळ अल्बम पाठ असलेल्यांना तिथे प्रत्येक वळणावर ठेच लागते, पण प्रयत्न प्रामाणिक आहे.

निवड कोण करतो, यावरही किंमत ठरते. ध्वनिमुद्रणांचे हक्क कंपनीकडे असतील, तर बॅण्ड सोडून गेल्यावरही ती संकलन काढू शकते. २००८ मध्ये रेडिओहेडचे असे संकलन बॅण्डच्या सहभागाशिवाय निघाले. कधी आधीच सारे अल्बम बाळगणाऱ्यांसाठी एखादे नवे गाणे जोडले जाते. टॉम पेटी अँड द हार्टब्रेकर्सच्या १९९३ च्या संकलनातले ‘मेरी जेन्स लास्ट डान्स’ असेच आले. एका गाण्यासाठी पूर्ण अल्बमचे पैसे मोजावे लागल्याची निष्ठावंतांची तक्रार रास्तच आहे, गाणे कितीही चांगले असले तरी. निकष आकडेवारीचा ठेवला तर वेगळीच चूक होते. बीटल्सच्या ‘वन’मध्ये (२०००) ब्रिटन किंवा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली २७ गाणी आहेत, त्या कसोटीवर ‘पेनी लेन’ आत आले आणि त्याच सिंगलवरचे ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ बाहेर राहिले. एसी/डीसी या बॅण्डने तर नेहमीच्या अर्थाचा ग्रेटेस्ट हिट्स अल्बम काढलेलाच नाही.

संकलन कधी काढले, हेही पाहावे लागते. क्वीनने डेव्हिड बोवीबरोबर केलेले ‘अंडर प्रेशर’ १९८१ मध्ये ‘ग्रेटेस्ट हिट्स’च्याच सुमारास आले, ते अमेरिकी आवृत्तीत आहे, ब्रिटिश आवृत्तीत नाही. ईगल्सचे ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स १९७१–१९७५’ फेब्रुवारी १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत २०१८ पर्यंत त्याला ३८ वेळा प्लॅटिनम प्रमाणपत्र (दर दहा लाख खपामागे एक) मिळाले. त्यात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नाही. ते गाणे असलेला त्याच नावाचा अल्बम त्यानंतर दहा महिन्यांनी आला.