दुबईच्या ब्रिटिश शाळेत प्रवेश: आधी दाखल्याच्या मागे लागा

दुबईला बदली ठरली की घरात सगळ्यांना धास्ती असते ती मुलाच्या प्रवेश परीक्षेची. प्रत्यक्षात घोडे अडते ते शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी.

आधी इयत्तेचे बघू. ब्रिटिश पद्धतीत माध्यमिक शाळा इयर 7 पासून सुरू होते आणि आकडा आपल्यापेक्षा एकाने पुढे असतो. पाचवी पास झालेले मूल आपल्याकडे सहावीत बसेल, तिथे इयर 7 मध्ये. (आजीला वाटते नातवाने एक वर्ष उडी मारली. मारू द्या.) इयर 10 आणि 11 मिळून आयजीसीएसईचा (आपल्या दहावीसारखी ब्रिटिश पद्धतीची परीक्षा) सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्यामुळे इयर 11 ला प्रवेश द्यायला शाळा सहसा नाखूश असतात. नववी झालेल्या मुलाला दहावी इथेच करू द्यावी आणि मग इयर 12 ला, म्हणजे ए लेव्हलला (आपल्या अकरावी-बारावीसारखा टप्पा) न्यावे, हे माझे मत.

अर्ज थेट त्या त्या शाळेकडे करायचा. अर्जाचे साधारण 500 दिरहॅम परत मिळत नाहीत, म्हणून दहा ठिकाणी अर्ज टाकू नका. बऱ्याच शाळा कॅट-4 ही चाचणी घेतात. शब्द, आकडे, आकृत्या आणि अवकाशीय कल्पना यांवरचे प्रश्न असतात. पाठांतराचा उपयोग नाही, क्लास लावू नये.

आता दाखला. भारतातला दाखला दुबईत तसाच चालत नाही. त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, मग राज्य सरकारचे साक्षांकन, त्यानंतर आपले परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, अशी ही साखळी. सीबीएसईची शाळा असेल तर प्रतिस्वाक्षरी मंडळाच्या विभागीय कार्यालयाची. एजंट ‘अपोस्टिल करून देतो’ म्हणाला तर थांबवा. अपोस्टिल म्हणजे हेग करारातल्या देशांत चालणारा साक्षांकनाचा एकच शिक्का; अमिराती त्या करारात नाही, नुसत्या अपोस्टिलवर काम भागत नाही.

दाखला मराठीत असेल तर इंग्रजीत मागून घ्या आणि हातात पडताच पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. माझ्या भाच्याच्या दाखल्यावर ‘लक्ष्मण’चे स्पेलिंग ‘एक्स’ने होते, पासपोर्टवर ‘के-एस-एच’ने. तीन शिक्के बसल्यावर ते लक्षात आले आणि सगळी फेरी पहिल्यापासून.

बाकी कागद सोपे: मुलाचा आणि आईवडिलांचा पासपोर्ट, व्हिसा, एमिरेट्स आयडी (तिथले ओळखपत्र), जन्मदाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तके, लसीकरणाची नोंद, फोटो. आयडी हातात यायला वेळ लागतो, तोवर अर्जाची पावती चालेल का, ते शाळेला विचारा. जागा पक्की करायला वार्षिक फीच्या 10 टक्क्यांपर्यंत रक्कम भरावी लागते, ती पुढे फीत वळती होते. दुबईच्या खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी प्राधिकरणाची देखरेख असते. त्यांच्या नमुन्यातला पालक-शाळा करार सही करण्याआधी वाचा, विशेषतः फी परताव्याचा भाग.

आणि मुलाला पुढे डॉक्टर व्हायचे असेल, तर वैद्यकीय प्रवेशातल्या महाराष्ट्राच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही सर्वसाधारणपणे महाराष्ट्रातूनच झालेली लागतात. हा हिशेब विमानाचे तिकीट काढण्याआधी करा.