पोस्टग्रेस अपग्रेड केलं, मग एक्सटेन्शन परत का बिल्ड करायचं?

एका छोट्या कामाचा डेटाबेस पोस्टग्रेस (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) १५ वरून १६ वर न्यायला बसलो, वाटलं अर्ध्या तासाचं काम, आणि पीजी_अपग्रेड या त्याच्याच अपग्रेडच्या टूलने तपासणीतच हात वर केले की जुन्या सर्व्हरवरची एक लायब्ररी नव्यावर सापडत नाहीये. ती म्हणजे पीजीसोडियम, लोकांचे फोन नंबर ज्याने एन्क्रिप्ट केले होते, म्हणजे किल्ली लावून कुलूपबंद, तेच एक्सटेन्शन, पोस्टग्रेसला वरून जोडायचा भाग. म्हटलं जुनी .एसओ फाइल, म्हणजे त्याची बिल्ड झालेली तयार फाइल, उचलून नव्या फोल्डरात टाकू, कोड तर तोच आहे. टाकली. सर्व्हर चालूच होईना, म्हणे सर्व्हर १६ चा आणि लायब्ररी १५ ची.

हा अडेलपणा उगाच नाही. सोर्स कोडमध्ये सगळं नावाने लिहिलेलं असतं, अमुक रचनेतला तमुक रकाना. बिल्ड करताना कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, त्या नावाचा आकडा करून टाकतो, सुरुवातीपासून समजा २४ बाइट पुढे जा आणि तिथलं उचल. नाव गेलं, अंतर तेवढं राहिलं. लाइट गेल्यावर आपण अंधारात फळीवरचा डावीकडून तिसरा डबा काढतो ना, साखर तिथेच आहे हे हाताला पाठ असतं, तसंच. पोस्टग्रेसची मोठी व्हर्जन साधारण वर्षाला एक येते, तेव्हा आतल्या रचना बदलू शकतात, मध्ये एक नवा डबा आला की तिसऱ्या जागी मीठ. चहात मीठ पडलं तर निदान कळतं, इथे कोड भलतीच मेमरी वाचून गुपचूप काहीतरी लिहून ठेवेल. म्हणून २००६ मधल्या ८.२ पासून एक्सटेन्शनच्या पोटात एक शिक्का असतो, आपण कुठल्या व्हर्जनसाठी घडलोय ते सांगणारा, आणि तो जुळला नाही तर सर्व्हर आत घेत नाही. १६.१ वरून १६.२ अशी छोटी उडी असेल तर सहसा काही करावं लागत नाही.

परत बिल्ड करणं म्हणजे नव्या हेडर फाइली, म्हणजे त्या रचना जिथे लिहिलेल्या असतात त्या, समोर ठेवून तेच डबे परत मोजायला लावणं. मेक, मेक इन्स्टॉल, बिल्ड करायच्या आणि जागेवर बसवायच्या या दोन कमांड, झालं. माझा तासभर खाल्ला तो पीजी_कॉन्फिगने, पोस्टग्रेस कुठल्या फोल्डरात आहे ते सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, मशीनवर दोन्ही व्हर्जन असल्या की मेक पहिला जो पीजी_कॉन्फिग सापडेल त्यालाच विचारतो आणि सगळं गुमान १५ च्या फोल्डरात जाऊन बसतं. १६ वाल्याचा पूर्ण पत्ता द्यायचा, आणि आधी मेक क्लीन, म्हणजे आधीच्या बिल्डचा पसारा पुसायचा.

पण खरा घोळ किल्लीचा. पीजीसोडियमची मूळ किल्ली ३२ बाइटची, ती टेबलात नसतेच, सर्व्हर सुरू होताना एक स्क्रिप्ट ती आणून देते. टेबलात फक्त नंबर, त्यावरून कामाची किल्ली दर वेळी गणिताने काढतात. सोबत मिळणारी नमुना स्क्रिप्ट डेटा डिरेक्टरीतली, म्हणजे डेटाबेसच्या फाइली असतात त्या फोल्डरातली, किल्लीची एक फाइल बघते, आणि फाइल नसेल तर ओरडत वगैरे नाही, सरळ नवी किल्ली पाडून मोकळी होते! अपग्रेडमध्ये डेटा डिरेक्टरी नवी, आणि पीजी_अपग्रेड ही फाइल काही आणत नाही. त्यामुळे सर्व्हर मजेत चालू, टेस्टची ओळ टाकली तर नव्या किल्लीने कुलूपबंद होते, उघडतेही, फक्त जुने फोन नंबर उघडेनात, नुसती एरर.

पीजी_अपग्रेड शेवटी जुना डेटा पुसायची स्क्रिप्ट हातात देतो, ती मी निव्वळ आळसाने चालवली नव्हती, म्हणून जुनी किल्ली जागेवर होती. ती नव्या किल्लीवर कॉपी केली, रिस्टार्ट मारला, नंबर दिसले. ती टेस्टची ओळ मात्र आता कायमची बंद, तिची किल्ली या कॉपीत पुसली गेली.