बिल कधी निघणार? मेंदूला लागणारा घोर

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखान्यांची वायरिंग आणि मोटारी कंत्राटावर सांभाळणारे कितीतरी जण आहेत. हाताखाली दोन-तीन पोरं असतात, शनिवारी त्यांची मजुरी द्यावीच लागते. स्वतःचं बिल मात्र ‘पुढच्या आठवड्यात बघू’वर अडकलेलं. कामाला वाघ असलेला हा माणूस रात्री दोनला जागा होतो आणि बँकेचा मेसेज आलाय का, ते मोबाइलवर बघतो.

त्याला छळते ती पैशाच्या चणचणीइतकीच अनिश्चितता. 2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 45 जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. घामावरून आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण कमी निघाला. शक्यता निम्मी-निम्मी असताना सर्वांत जास्त. ‘उशीर होईल, वीस तारखेला देतो’ असं सरळ सांगणारा मालक म्हणूनच परवडतो.

संकट येणार की टळणार हे कळेपर्यंत मेंदू शरीराला तयारीत ठेवतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवतं. तेवढ्यापुरतं ते उपयोगी. महिनोन्‌महिने तेच चाललं की झोप बिघडते, रक्तदाब वाढतो, घरात चिडचिड होते.

लक्षही विखुरतं. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तोडणीआधी, पैशाची ओढाताण असताना, बुद्धीच्या चाचण्या त्यांना जड गेल्या. उसाचे पैसे हातात आल्यावर त्याच माणसांना त्या जमल्या. विजेच्या कामात असं लक्ष उडणं जिवावर बेतू शकतं.

‘मन घट्ट कर’ हा सल्ला मला म्हणूनच अपुरा वाटतो. आधी तारीख घट्ट करा. काम घेतानाच हप्ते आणि तारखा लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. उद्यम नोंदणीही, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या माल-सेवेचे पैसे देण्याची मुदत, करारात काहीही लिहिलं तरी, 45 दिवसांपुढे नेता येत नाही.

एवढं करूनही झोप उडाली, कशातच मन लागेना आणि दोन आठवडे तसेच गेले, तर अंगावर काढू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतून बोलता येतं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभागही आहे.