रस्ता कोणाचा, खड्डा कोणाचा

खड्डा रातोरात पडल्यासारखा वाटतो. काल तिथूनच गेलो होतो, तेव्हा नव्हता; आज चाक दणकन आत. प्रत्यक्षात त्याची सुरुवात बरीच आधी, केसाएवढ्या भेगेतून झालेली असते. ऊन आणि हवा लागून डांबर वर्षागणिक कडक होतं, त्याचा चिवटपणा जातो आणि चाकांखाली वाकता वाकता ते तडकतं. भेगेतून पाणी आत शिरतं आणि खालच्या खडी-मुरमाच्या थरात मुक्काम ठोकतं. ओला थर मऊ पडतो. वरून जड चाक गेलं की कोंडलेलं पाणी दाबाने भेगेतून वर उसळतं आणि येताना बारीक माती, चुरी घेऊन येतं. पावसात भेगेच्या कडेला गढूळ ओघळ दिसतो, तो हाच. खालचा आधार असा धुऊन निघाला की वरचा पापुद्रा मगरीच्या पाठीसारखा तडकतो, आणि त्यातला पहिला तुकडा उखडला की बाकीचं काम वाहनं करतात. थंड देशांत याच पाण्याचा बर्फ होतो आणि तो सुमारे ९ टक्के फुगतो, म्हणून तिकडे खड्ड्यांचा हंगाम हिवाळा सरताना येतो. मोसमी पावसाच्या प्रदेशात तो भर पावसात येतो.

दोन्हीकडे गुन्हेगार पाणीच. आणि ही गोष्ट माणसाला फार पूर्वी कळलेली आहे. इ.स.पू. ३१२ मध्ये सुरू झालेल्या रोमच्या आप्पिया मार्गापासून पुढचे मोठे रोमन रस्ते थरांवर थर देऊन, मधोमध फुगीर आणि कडेला चर खणून बांधले जात. मॅकॅडम या स्कॉटिश माणसाने हेच ज्ञान नव्याने, अगदी रोखठोक मांडलं. १८१६ मध्ये तो ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्वेक्षक झाला. त्याचं म्हणणं असं, की वाहनांचा भार शेवटी खालची जमीनच पेलते. ती कोरडी असली तर कितीही वजन सोसेल, ओली झाली तर वर काहीही घाला, उपयोग नाही. म्हणून रस्ता आजूबाजूच्या पाण्याच्या पातळीच्या वर उचलायचा, त्याला ढाळ द्यायचा आणि वर लहान, टोकदार, एकमेकांत घट्ट बसणारी खडी पसरायची. पाया भरायला त्याला मोठमोठे दगड नको होते. त्याच काळातला अभियंता थॉमस टेलफर्ड मात्र दगडी सोलिंगवर, म्हणजे मोठे दगड रचून केलेल्या पायावर, ठाम होता, आणि दोघांच्या पद्धतींवरून वाद बराच काळ चालला. पाणी रस्त्यावर थांबू द्यायचं नाही, याबद्दल मात्र दोघांचं दुमत नव्हतं.

मग दोनशे वर्षांपूर्वी ठाऊक असलेली गोष्ट अजून का घडत नाही? याचं उत्तर खडीत आणि डांबरात सापडत नाही. रस्ता राखायचा कोणी, या प्रश्नाचा इतिहास पाहावा लागतो.

इंग्लंडने १५५५ मध्ये कायदा करून ही जबाबदारी गावावर टाकली. प्रत्येक कुटुंबाने वर्षातून चार दिवस रस्त्यावर फुकट राबायचं. १५६३ मध्ये चाराचे सहा दिवस झाले. देखरेखीला गावातलाच एक जण, तोही बिनपगारी. वेठीच्या कामाला आलेला माणूस कसं काम करतो, हे वेगळं सांगायला नको. तरीही ही पद्धत १८३५ पर्यंत कायद्यात टिकून होती. फ्रान्समध्ये रस्त्यांसाठीची वेठबिगारी १७३८ मध्ये देशभर लागू झाली आणि शेतकऱ्यांमध्ये ती मनापासून तिरस्काराचा विषय ठरली.

त्यातून वाट काढली लिमोज भागातल्या ट्रेझागे नावाच्या अभियंत्याने. तिथला प्रशासक तुर्गो याने वेठीऐवजी पैशांत कर घ्यायला सुरुवात केली होती. त्या पैशातून पगारी माणसं ठेवता येत होती. ट्रेझागेने १७६४ पासून रस्त्याचे थर पातळ केले. वर्षातून दोनदा होणाऱ्या वेठीच्या दुरुस्तीपर्यंत रस्ता टिकायचा, तर तो जाडजूड हवा. रोज कोणी लक्ष देणार असेल तर पातळ थरही पुरतो, असा त्याचा साधा हिशोब. त्यासाठी रस्त्याचा ठरावीक तुकडा एका कायम माणसाच्या हवाली करायचा. चर मोकळे करणं, चाकोऱ्या बुजवणं, निखळलेली खडी परत बसवणं, हे त्याचं रोजचं काम. रस्त्यांच्या इतिहासात मॅकॅडमचं नाव मोठं झालं, पण मला विचाराल तर हा फावडं घेतलेला माणूस हा त्याहून मोठा शोध होता.

त्याला आपण गमावलं, आणि त्यात डांबराचा हात आहे. डांबर रस्त्यावर आलं ते मुख्यतः धूळ बसवायला. मोटारींची रबरी चाकं खडीच्या रस्त्यातली चुरी ओढून उडवू लागली आणि रस्त्याकडेची घरं पांढरी पडू लागली. १९०२ मध्ये मोनॅकोत एका डॉक्टरच्या पुढाकाराने रस्त्यावर डांबर ओतून पाहिलं गेलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडगर हूली याने डांबर आणि लोखंडाच्या भट्टीतली मळी यांच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. रस्ता काळा, गुळगुळीत आणि ‘पूर्ण झालेला’ दिसू लागला. खडीचा रस्ता बिघडला तर डोळ्यांना लगेच दिसायचा. डांबराखाली बिघाड झाकला जातो. एकदा गुळगुळीत केला की दहा-पंधरा वर्षं बघायला नको, ही समजूत इथूनच मुरली असावी.

दरम्यान वजनं वाढत गेली. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर लष्करी चालकांकरवी सतत ट्रक फिरवले गेले. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही रस्त्यांच्या आखणीचा पाया आहे: आसावरचं, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं, वजन दुप्पट झालं की झीज सुमारे सोळापट होते. मोटारीच्या आसाहून दहापट जड आस म्हणजे साधारण दहा हजारपट झीज. एका जादा भरलेल्या डंपरची बरोबरी करायला किती मोटारी लागतील, ते यावरून बघा.

शहरात आणखी एक शत्रू असतो: खोदकाम. १८१२ मध्ये लंडनच्या गॅस कंपनीला सनद मिळाली, रस्त्याखालून नळ जाऊ लागले, आणि रस्त्याचा मालक एक तर त्याच्या पोटावर हक्क सांगणारे अनेक, ही अवस्था कायमची झाली. पाणी, मैला, वीज, टेलिफोन, आता केबल. चर खणला की फक्त चराएवढाच भाग खराब होत नाही. दोन्ही बाजूंची माती आधार सुटून चराकडे सरकते, आणि नव्या-जुन्या डांबराचा सांधा पाण्याला आयती वाट देतो. चर थराथराने ठोकून बुजवला तरच काही आशा. एका दमात माती लोटली तर पहिल्याच पावसात तो खचतो. ब्रिटनने १९९१ मध्ये कायदा करून चर नीट बुजवण्याची पूर्ण जबाबदारी खोदणाऱ्या कंपनीवर टाकली, त्यानुसार दोन वर्षांची हमी ठरली आणि खोल चरांसाठी तीन.

आता दायित्वाची गोष्ट, जी मला सगळ्यात मजेशीर वाटते. १७८८ मध्ये इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात नादुरुस्त पुलामुळे एकाची गाडी मोडली. त्याने परगण्यातल्या रहिवाशांवर दावा लावला आणि तो हरला. एकट्याचं नुकसान झालेलं परवडलं, पण सगळ्यांना त्रास नको, अशा अर्थाचं कारण न्यायाधीशाने दिलं. पुढे इंग्लंडमध्ये विचित्र नियम पक्का झाला: रस्त्याच्या अधिकाऱ्यांनी दुरुस्ती करताना चूक केली तर ते जबाबदार, दुरुस्ती केलीच नाही, तर नाहीत. म्हणजे हात न लावणं सर्वांत सुरक्षित! हे संरक्षण काढून घ्यायला १९६१ साल उजाडलं.

न्यूयॉर्कची तऱ्हा उलटी. तिथे १९७९ मध्ये कायदा झाला की खड्ड्याची लेखी सूचना शहराला आधी मिळालेली असेल, तरच भरपाई मागता येईल. पण पडायच्या आधी लेखी कळवणार कोण? यावर वकिलांनी १९८२ मध्ये चक्क एक संस्था काढली. तिची माणसं शहरभर पायी फिरून नकाशांवर खड्डे आणि फुटके पदपथ यांच्या खुणा करत आणि ते नकाशे पालिकेला सादर करत. पालिकेचं काम पालिकेविरुद्ध खटले लढणाऱ्यांनी केलं.

उरतो पैसा. भारतात १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने, रस्ते स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर गेले आहेत, असं सांगून पेट्रोलवर जादा कर सुचवला आणि त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. ब्रिटनमध्ये असाच निधी होता, आणि १९२६ मध्ये अर्थमंत्री चर्चिल यांनी त्यातला पैसा सरकारच्या इतर खर्चाकडे वळवला. देखभालीचा पैसा पळवणं सोपं असतं, कारण त्या वर्षी काहीच बिघडत नाही.

आणि पैसा असला तरी तो कुठे घालायचा? १९७० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी रस्त्याला ० ते १०० गुण देण्याची पद्धत बसवली. त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसली: रस्ता बराच काळ हळूहळू उतरतो आणि मग अचानक कोसळतो. घसरण सुरू होण्याआधी भेगा बुजवून वर पातळ थर दिला तर थोडक्यात भागतं. नंतर पायापासून उकरावं लागतं. म्हणजे मोजका पैसा आधी बऱ्या रस्त्यांवर घालावा आणि पार गेलेल्या रस्त्याला तूर्त वाट पाहायला लावावी. हिशोब बिनचूक आहे. पण रोज खड्ड्यांतून जाणाऱ्या गल्लीत उभं राहून तो नगरसेवकाने कसा सांगायचा, हे त्या तक्त्यात लिहिलेलं नाही.