पॉलिग्राफचा काटा नेमके काय पकडतो?

२००३ साली प्रदर्शित झालेल्या ‘द रिक्रूट’ या हॉलिवूडपटात अल पचिनोने सीआयएसाठी होतकरू तरुण हेरणाऱ्या मुरलेल्या अधिकाऱ्याची भूमिका केली आहे. त्याने निवडलेल्या उमेदवारांना व्हर्जिनियातील ‘द फार्म’ या प्रशिक्षण केंद्रात जे जे सोसावे लागते, त्यात पॉलिग्राफचाही प्रसंग येतो. अशा चित्रपटांमुळे या यंत्राला खोटे कळते, अशी आपली समजूत झाली आहे. प्रत्यक्षात त्याला खोटे कळत नाही, केवळ शरीराची खळबळ कळते.

यंत्राची मांडणी तशी साधी आहे. छातीभोवती आणि पोटाभोवती श्वासाची लय टिपणारे पट्टे, दंडाला रक्तदाब मोजताना डॉक्टर बांधतात तसाच फुगणारा पट्टा आणि दोन बोटांना लहानशी विद्युतअग्रे. बोटांमधून अगदी क्षीण प्रवाह सोडलेला असतो. मनावर ताण आला की अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराला धोक्यासाठी आपोआप सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे, घर्मग्रंथींना चेतवते, त्वचा किंचित ओलसर होते, तिच्यातून वीज अधिक सहज वाहते आणि आलेखाची रेघ वर उसळते. मात्र ही रेघ खोटे बोलल्यामुळे उसळली, भीतीमुळे, की ‘आपल्यावरच संशय घेतात’ या संतापामुळे, हे रेघेवरून ओळखता येत नाही. कारण खोटेपणाची अशी स्वतंत्र शारीरिक खूण आजवर सापडलेली नाही.

म्हणून परीक्षक तुलनेचा आधार घेतात. ‘तुम्ही परकीय हेरांशी संपर्क ठेवला आहे का?’ या मुख्य प्रश्नाच्या आगेमागे ‘विश्वास टाकणाऱ्याला तुम्ही कधी फसवले आहे का?’ असा, कोणालाही चाचरायला लावणारा प्रश्न ठेवतात. प्रामाणिक माणूस या दुसऱ्या प्रश्नाला अधिक बिचकेल आणि हेर पहिल्याला, असे गृहीत धरलेले असते. गृहीतक चतुर आहे, पण माणसे त्याबरहुकूम बिचकतातच असे नाही.

चित्रपट आला त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचा पॉलिग्राफविषयीचा अहवाल पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातील एक काल्पनिक उदाहरण मला साऱ्या वादाचे मर्म वाटते. दहा हजार कर्मचारी आहेत आणि त्यांत दहा हेर दडले आहेत, असे समजा. दहापैकी आठ हेर सापडावेत इतकी चाळणी बारीक केली, तर त्या आठांबरोबर १,५९८ निर्दोष माणसेही संशयित ठरतात; म्हणजे एका खऱ्या हेरामागे सुमारे दोनशे निरपराध, आणि तरीही दोन हेर निसटतातच. निर्दोषांचा छळ नको म्हणून चाळणी सैल केली, तर केवळ ३९ जण नाहक अडकतात, पण आठ हेर सहीसलामत बाहेर पडतात. हा दोष निव्वळ यंत्राचा नाही. शोधायची गोष्ट जितकी दुर्मीळ, तितके खोटे इशारे अधिक, हे गणित दुर्मीळ रोगाच्या तपासणीलाही लागू पडते. चोरीच्या एखाद्या तपासात मोजक्याच संशयितांना नेमके प्रश्न विचारणे निराळे आणि भरतीसाठी आलेल्या हजारोंना ‘तुम्ही कधी काही गैर केले आहे का?’ असे मोघम विचारणे निराळे.

तरीही गुप्तचर संस्थांनी पॉलिग्राफ सोडलेला नाही, कारण यंत्राच्या धाकानेच अनेकजण आपणहून कबुली देतात. मात्र धाक वाटण्यासाठी यंत्रावर विश्वास असावा लागतो, आणि सराईत हेराचा तो नसतो.

सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोव्हिएत संघाला गुपिते विकत होता. १९८६ च्या चाचणीपूर्वी त्याने केजीबी या सोव्हिएत हेरसंस्थेकडे सल्ला मागितला, तेव्हा रात्री शांत झोप घ्यावी, मन निवांत ठेवावे आणि परीक्षकाशी गोडीने वागावे, एवढेच त्याला सांगण्यात आले. ‘परकीय हेरसंस्थेने तिच्यासाठी काम करण्याची तुम्हाला गळ घातली आहे का?’ या प्रश्नाला त्याच्या आलेखात थोडी हालचाल दिसली. परीक्षकाने कारण विचारले. सोव्हिएत हेर आपल्या मागावर असतात याची आम्हा सर्वांनाच काळजी वाटते, म्हणून हा विषय आपल्याला हळवा आहे, असे एम्सने सांगितले. परीक्षकाला ते पटले आणि एम्स उत्तीर्ण झाला. १९९१ मध्येही तो उत्तीर्ण झाला. त्याला अटक झाली ती फेब्रुवारी १९९४ मध्ये, आणि त्याच्या विरोधातला महत्त्वाचा दुवा ठरला तो त्याच्या बँक खात्यांतला पैसा.