अ‍ॅव्हरेज पडलं म्हणजे इंजिन गेलं असं नाही

‘इथेनॉलने गाडीची वाट लावली’ ही तक्रार पुण्यातल्या गॅरेजांमध्ये सतत कानावर पडते. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत असते: अ‍ॅव्हरेज कमी होणं आणि गाडीचे भाग खराब होणं.

अ‍ॅव्हरेजचं गणित सोपं आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून ई२० मध्ये, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये, ती ६-७ टक्क्यांनी घटते. ई१० (१० टक्के इथेनॉल) साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज तेवढंच पडेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय. १५ चं १४ झालं तर खिशाला चाट बसते. इंजिनाला त्याने काही होत नाही.

खरी काळजी दुसऱ्या गोष्टीची, कारण ती लगेच कळत नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं. बॉनेट उघडून पेट्रोलचा पाईप क्लिपजवळ वाकवून बघा: रबर पिठासारखं मऊ लागलं किंवा बारीक तडे दिसले, तर तो आजच बदला. गळकं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडणं म्हणजे आगीला आमंत्रण. टाकीत वर्षानुवर्षं साचलेला मळही इथेनॉल सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. शिवाय ते पाणी ओढतं. पावसाळाभर गाडी अर्ध्या टाकीवर उभी राहिली आणि आत पाणी फार झालं, की इथेनॉल पाण्यासकट तळाशी बसतं. टाकीतला पंप ओढतो तो तळातूनच. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर इथेनॉलमुळे बदललेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण बऱ्यापैकी सावरून घेतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला ती सोय नाही. तिथे पेट्रोल कमी, हवा जास्त होते आणि इंजिन तापतं.

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग ई२० ला टिकतील असे आहेत. प्रश्न त्याआधीच्या गाड्यांचा आहे, आणि त्यांच्या मालकांना पंपावर ई१० मिळायलाच हवं होतं. ५ जून २०२१ ला याच पुण्यात तीन पंपांवर ई१००, म्हणजे जवळपास निव्वळ इथेनॉल, सुरू झालं. मग ई१० ची एक वेगळी टाकी ठेवणं अशक्य नव्हतं.

ते मिळेपर्यंत मेकॅनिकला फक्त ‘अ‍ॅव्हरेज बघा’ म्हणू नका. पाईप, ओ-रिंग (जोडांमधल्या रबरी कड्या), फिल्टर तपासायला सांगा. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून पाईप आणणार असाल, तर इथेनॉलला चालणाराच मागा.